अक्षता पडलेलं पुस्तक

देवासला आमच्या घरात मराठीत छापलेल्या कुठल्याही कागदाला पाय लागला तर वाकून नमस्कार करावा लागे. मग ती पोथी असो, जुना दिवाळी अंक असो, की पुण्याहून आलेल्या डिंकाच्या लाडवांभोवती गुंडाळलेलं वर्तमानपत्र असो. शाळेच्या हिंदी पुस्तकाला पाय लागला तर नुसतं "अरे रे" म्हटलं तरी भागायचं, कारण हिंदी पुस्तकं बाजारात ढिगानं मिळत. मराठी पुस्तक घरात यायचं ते कोणी पुण्या-मुंबईहून येणार असेल, त्याच्या ट्रंकेत जागा असेल आणि मुख्य म्हणजे त्याच्या लक्षात राहिलं तर. त्यामुळे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला आई कापडी कव्हर शिवायची. तिचं एक डाळिंबी लुगडं विटलं होतं, ते वर्षानुवर्षं पुरलं. देवघराशेजारच्या कपाटात पोथ्या, गोष्टींची पुस्तकं, दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, व्याकरणं, सगळी एकाच डाळिंबी रंगात, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली असत. बाहेरून कोण देव आणि कोण राक्षस ते कळायला मार्ग नव्हता. पुढे जे झालं ते या लुगड्यामुळे झालं, असं आई शेवटपर्यंत म्हणत असे.

त्या कपाटातली गोष्टींची पुस्तकं माझी होती, पण कायमची नव्हती. आमच्या घराण्यात गोष्टींची पुस्तकं फिरती असत. धारला नानाकाका आणि देवासला आम्ही, अशी दोन घरं. एका घरातलं मूल मोठं झालं की पुस्तकांची ट्रंक दुसऱ्या घरच्या धाकट्याकडे जायची. मुलग्याची मुंज लागली की, आणि मुलगी चौदाव्यात शिरली की, परी-राक्षस बंद. त्या वर्षी मला चौदावं लागलं होतं. नवरात्रात धारचे नानाकाका टेकडीवर देवीच्या दर्शनाला येणार आणि जाताना ट्रंक घेऊन जाणार, हे ठरलेलं होतं. ती त्यांच्या शेखरसाठी. शेखरला मराठी वाचताना घाम फुटायचा आणि त्याचा सगळा जीव कंच्यांत. तो खिशात गोट्या घेऊन झोपायचा म्हणे. पण नियम म्हणजे नियम. बाकीची पुस्तकं जाण्याचं मला फारसं वाईट वाटत नव्हतं, खरंच सांगते. जीव अडकला होता तो एकाच पुस्तकात.

कवडीबेट! आज हा शब्द लिहितानाही बोटं शिवशिवतात. वीटभर जाडीचं पुस्तक, मुखपृष्ठ कधीच फाटून गेलेलं, त्यामुळे लेखकाचं नाव मला आजतागायत माहीत नाही. नावाड्याची एक मुलगी आहे, तारी. एके सकाळी तिचा धाकटा भाऊ उठतो तर त्याचा आवाजच गेलेला. तारी विहिरीत उतरते, उतरते, उतरतच राहते, आणि खालून बाहेर पडते ती एका बेटावर. तिथल्या वाळूत कवड्याच कवड्या, आणि प्रत्येक कवडी कानाला लावली की कोणाचा तरी चोरलेला आवाज ऐकू येतो. चोरणारी कोण, तर करवती नावाची राक्षसीण. त्या हजारो कवड्यांतून भावाची कवडी शोधायची! मी ते पुस्तक इतक्या वेळा वाचलं होतं की कुठल्या पानावर आमटीचा डाग आहे हेसुद्धा पाठ होतं, तरी विहिरीचं पान आलं की छातीत धडधडायचंच. अजूनही धडधडतं. मागच्या वर्षी इंदूरच्या पुस्तकांच्या दुकानात मी ड्रॅगन आणि उडत्या गालिचांच्या फळीपुढे उभी होते, तर दुकानातल्या मुलीनं विचारलं, "आंटी, बच्चा कितने साल का है?" मी म्हटलं, "बहत्तर." ती बिचारी हसावं की नको या पेचात पडली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी डोळ्यांना ताण देऊ नका म्हणून बजावलं होतं. मी पट्टी निघाली त्याच दुपारी नातवाचं जादूगारांच्या शाळेचं जाडं पुस्तक घेऊन बसले. सून म्हणाली, "आई, एवढी घाई?" घाई असणारच. या वयात पुस्तक अर्धं सोडून चालत नाही.

पण मी पुढे पळते आहे. त्या वेळच्या घराकडे येते. टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्या, मागे पडवी आणि पेरूचं झाड. दादा टोंकखुर्दच्या शाळेत मास्तर, सकाळच्या बसनं जायचे आणि दिवेलागणीला यायचे, भादव्यात येताना पिशवीभर कोवळे भुट्टे आणायचे. आई ते किसायची आणि मोहरी-हिरव्या मिरचीच्या फोडणीत दूध घालून शिजवायची. त्या किसाच्या वासानं शेजारची पोरंसुद्धा आमच्या घरी अभ्यासाला येत. आणि घरात बयोआत्या होती. ती दादांची आत्या, म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. लहानपणीच लग्न झालं, लहानपणीच कपाळ पांढरं झालं, आणि तेव्हापासून ती भावाच्या आणि मग भाच्यांच्या संसारात होती. जीभ तिखट, हात मऊ. चातुर्मासात आमच्याकडे दुपारी पोथी लागायची ती बयोआत्याच्या आवाजात. ऐकायला गल्लीतल्या बायका यायच्या, मांडीवर कापूस घेऊन वाती वळता वळता ऐकायच्या. गोदूताई तर रस्त्याच्या पलीकडून यायची. देवासला पूर्वी एका गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि गोदूताईचं माहेर-सासर दोन्ही धाकट्या पातीचं. राज्यं जाऊन जमाना लोटला तरी ती आली की बयोआत्या म्हणायची, "या, परराज्यातून पाहुण्या आल्या." तिसरी रामकुँवरबाई, आमच्या भिंतीला भिंत लागलेली माळवी शेजारीण. तिला मराठी निम्मं कळायचं, पण पोथीला ती कधी चुकली नाही.

त्या श्रावणात बयोआत्याच्या डोळ्यांपुढे धुकं आलं. अक्षरं दिसेनात. आईला स्वयंपाकातून उसंत नाही, आणि गल्लीतल्या आमच्या वयाच्या पोरी सगळ्या हिंदी शाळेतल्या. मराठी बोलायच्या फडाफडा, पण वाचायला दिलं की खडीच्या रस्त्यावरून बैलगाडी चालल्यासारखं. मी मात्र कवडीबेटाच्या कृपेनं घोड्यासारखी पळायचे. तेव्हा पोथी माझ्याकडे आली. श्रावणातली पोथी मी वाचून पार पाडली, समाप्तीला पुरण झालं, आणि दुसऱ्या पोथीला मुहूर्त ठरला. त्या दुपारी बयोआत्यानं स्वतः कपाट उघडलं, चाचपून डाळिंबी कव्हरातलं जाड बाड काढलं, चौरंगावर ठेवलं, गंध लावलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या आणि डोळे मिटून संकल्प सोडला. मग मला म्हणाली, "हं सुले, कर सुरुवात." मी पान उलटलं. समोर विहीर! मी नुसती बघत राहिले. बयोआत्या म्हणाली, "काय गे, दातखीळ बसली?" मी हळूच सांगितलं, "आत्याआजी, ही पोथी नाहीये. कवडीबेट आहे."

गोदूताई अशी हसली की तिच्या मांडीवरचा कापूस उडाला. "अगं बाई, बयोताई! राक्षसिणीला गंध लावलंत की हो!" आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि तोंडावर पदर घेऊन दारातच थांबली. बयोआत्या हसली नाही. ती त्या पुस्तकाकडे, म्हणजे जिथे पुस्तक असावं तिथे, बघत राहिली. मग म्हणाली, "अक्षता पडल्या. पडलेल्या अक्षता उचलून परत डब्यात घालतात का कोणी? संकल्प सुटला तो सुटला. आता हीच वाच." आई म्हणाली, "अहो, पण आत्याबाई, गोष्टींचं पुस्तक..." "मी पोथीची ओवी रोज सकाळी तोंडपाठ म्हणतेच आहे, देव उपाशी नाही राहायचा. लावलेली पोथी अर्धी सोडली तर मात्र घराला बाधतं. वाच गे."

आणि मी वाचलं! काय सांगू तुम्हाला. पोथी वाचताना मी आपली पायरी-पायरीनं जायची, पण हे म्हणजे माझं राज्य. तारी विहिरीत उतरली तेव्हा वाती वळणारे हात थांबले. पहिल्यांदा करवती आली तेव्हा गोदूताईच्या हातातली वात मनगटाएवढी जाड झाली. मी थांबले तेव्हा रामकुँवरबाई ओरडली, "अरे पछे कंई हुयो? बेन, आगे बोल नी!" तिला जे कळलं नव्हतं ते मी माळवी-हिंदीत सांगितलं, मग बाकीच्यांनी तेच पुन्हा ऐकलं, आणि कोणालाही कंटाळा आला नाही. दुसऱ्या दिवशी बायका अर्धा तास आधी हजर. चार दिवसांत चार नव्या आल्या. गोदूताई म्हणायची, "सुलू, जल्दी-जल्दी वाच ना, बीच में कशाला थांबतेस? मला घरी जाऊन भाजी टाकायची आहे, पण त्या पोरीला पुलावर टांगून मी कशी जाऊ?"

एक गोष्ट मात्र मला तेव्हा फार चमत्कारिक वाटली. मी वाचायचे तेव्हा तारीच्या बाजूनं. करवतीचं मुंडकं कधी उडतं याची वाट बघत. या बायकांना मात्र करवतीची भलतीच चौकशी. ती राहते कुठे? एकटीच? तिला कोणी पोरंबाळं? रांधतं कोण? एकदा मी तावातावानं वाचत होते, की करवती रात्रभर एकेक कवडी कानाला लावते आणि बेटावरून फिरते, तर बयोआत्या मधेच म्हणाली, "चोरी कसली, तिच्याशी कोणी बोलत नाही म्हणून ती आवाज नेते." मी चाट पडले! कारण हे पुस्तकात होतं, पण शेवटी होतं, आणि ते कळायला मला किती वेळा वाचावं लागलं होतं. मी विचारलं, "आत्याआजी, तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "न कळायला काय झालं? तुझी तारी चौदा वर्षांची असेल. मी राक्षसिणीच्या वयाची आहे." गोदूताई हसली, पण जरा कमी हसली. नंतर एकदा गोदूताईच्या जावेनं नाक मुरडून म्हटलं, "म्हातारपणी पोराटोरांच्या गोष्टी ऐकताय होय?" तेव्हा बयोआत्या शांतपणे म्हणाली, "आमचं पोरपण चुलीपुढे गेलं, बाई. आत्ता कोणी वाढतंय ताटात, तर मी नको कशाला म्हणू?"

आज मला कोणी विचारलं की या वयात तुम्हाला त्या जादूच्या पुस्तकांत काय दिसतं, तर मी ही दुपार सांगते. लहानपणी आपण विहिरीत उतरतो ते पलीकडे काय आहे ते बघायला. मोठेपणी उतरतो तेव्हा इकडे काय काय आहे ते चांगलंच ठाऊक झालेलं असतं, म्हणून तिथली प्रत्येक कवडी जास्त खणखणीत वाजते. मला तरी तसं वाटतं. बाकी ज्यांना नाही वाटत त्यांनी खुशाल शेअर बाजाराची पानं वाचावीत.

घटस्थापना झाली आणि नानाकाका आले. ते धारच्या कचेरीत हेडक्लार्क होते. उंच, ताठ, शर्टाच्या खिशात पेन आणि कपाळाला गंध. धर्माच्या कामात त्यांच्यापुढे कोणाची टाप नव्हती. नैवेद्याला मीठ आधी वाढलं तर ते ताट परत पाठवत. कुठल्या तिथीला काय खायचं नाही ते त्यांना तोंडपाठ. हात-पाय धुऊन, साबुदाण्याची खिचडी खाऊन झाली तशी त्यांनी सुपारी कातरत हुकूम सोडला, "सुले, ट्रंक काढ. नवमीला मी निघणार, दसऱ्याला घरी सोनं वाटायला हवं. आजच भरून ठेव." मी एकेक पुस्तक भरलं. ते जवळ येऊन बघत होते. मग त्यांची नजर चौरंगाकडे गेली. "पोथी कुठली लावली आहे?" त्यांनी वाकून नमस्कार केला आणि कव्हर उघडलं. चित्र होतं करवतीचं, सुळ्यांसकट.

"आत्याबाई! हे कवडीबेट आहे."

"ठाऊक आहे मला," बयोआत्या जपमाळ ओढत म्हणाली. "त्याचा कोपरा तूच कुरतडलेला आहेस."

"चौरंगावर?"

"अक्षता पडल्यात त्याच्यावर. संकल्प सुटलाय."

"चुकून झालं असेल."

"चुकूनच झालं. देवाला फूल चुकून वाहिलं, तर काढून खिशात घालतोस का? लावलेली पोथी अर्धी उचलावी असं तुझ्या पंचांगात कुठे छापलंय ते दाखव, आणि खुशाल ने."

नानाकाकांनी कव्हर हळूच मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना धर्माच्या कामात हरताना पाहिलं, आणि खरं सांगू का, मला फार आनंद झाला. शेवटी ते म्हणाले, "समाप्ती कधी?" "नवमीला करू," बयोआत्या म्हणाली. "बरं. नवमीला समाप्ती झाली की पुस्तक ट्रंकेत. पोरगी चौदाची झाली आत्याबाई, दुधाचे दात पडले की गोष्टीही सुटल्या पाहिजेत. मी नाही का सोडल्या?" त्यावर बयोआत्यानं जपमाळेचा पुढचा मणी ओढला.

झालं. म्हणजे नवमीपर्यंत कवडीबेट माझं, नंतर शेखरच्या गोट्यांशेजारी. मी ठरवलं, सावकाश वाचायचं. पण ते कसलं जमतंय! तारी एकदा कवड्यांच्या गुहेत शिरली की मलाच दम निघत नसे, आणि बायका तर मला ढकलतच होत्या. नानाकाका दुपारी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसत. "असल्या पोरखेळाला मी बसणार नाही" असं त्यांनी जाहीर केलं होतं. दार मात्र लोटलेलं नसे. आई त्यांना चहा द्यायला गेली आणि परत येऊन माझ्या कानात म्हणाली, "भाऊजी दोन दिवस एकच पान वाचताहेत." टेकडीवरून ढोलांचा आवाज यायचा तेव्हा मी आवाज चढवायची. एकदा मी चुकून दोन ओळी गाळल्या, तर बाहेरून खाकरण्याचा आवाज आला. रात्री जेवताना ते मोरधन, म्हणजे वरीचे तांदूळ, आणि दाण्याची आमटी कालवता कालवता दादांना सहज विचारल्यासारखं विचारत, "ते... पुलाचं काय झालं म्हणे?" दादांना कुठला पूल ते ठाऊक नव्हतं. त्यांनी टोंकखुर्दच्या नाल्यावरच्या पुलाची हकिकत सांगितली.

सप्तमीला माझा घसा धरला, आणि अष्टमीला आवाज पूर्ण बसला. ऐन वेळी! भावाची कवडी हातात आली होती, करवती गुहेच्या तोंडाशी उभी होती, आणि मी तोंड उघडलं तर नुसती हवा. गोदूताई किंचाळली, "नेला गं बाई, करवतीनं हिचाही आवाज नेला!" हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, काही उपयोग होईना. आईनं चार ओळी वाचून पाहिल्या, पण फोडणी करपेल या भीतीनं ती अर्धी स्वयंपाकघरात. दुसऱ्या दिवशी समाप्ती, आणि पोथीत खंड पडला तर अशुभ. बयोआत्यानं बाहेरच्या खोलीकडे तोंड केलं. "नाना! ये आत. तुझ्याइतका आवाज या घरात कोणाचा नाही."

ते आले. येताना वर्तमानपत्र नीट घडी करून ठेवलं, हात धुतले, आणि पोथीला बसतात तसे मांडी घालून बसले. सुरुवातीला त्यांनी पोथीच्याच चालीवर वाचलं, ओळीच्या शेवटी सूर लांबवत. राक्षसिणीचं बोलणं ओवीच्या सुरात ऐकून बायकांना हसू आवरेना. पण पान उलटलं तशी चाल गळून पडली. आवाज चढला, उतरला, करवतीसाठी घोगरा झाला, तारीसाठी बारीक. डावा हात हवेत फिरायला लागला. हेडक्लार्क कुठे गेला कोण जाणे! मी तर घसा विसरून गुडघ्यांवर उठून बसले होते. आणि मग एका पानाच्या तळाशी येऊन ते थांबले. पान उलटेनात. रामकुँवरबाई म्हणाली, "भिया, पछे?" मग पुस्तकावरची नजर न काढता म्हणाले, "इथपर्यंतच वाचलं होतं मी."

कोणालाच काही कळलं नाही. बयोआत्याला कळलं होतं. ती म्हणाली, "मुंजीची हळद लागली होती तुला. बोहल्यामागे लपून वाचत होतास. तुझ्या वडिलांनी हातातून काढून घेतलं आणि ट्रंकेत टाकलं. तीन दिवस जेवला नाहीस." "दोन," नानाकाका म्हणाले. पन्नाशीच्या त्या माणसाचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत. त्यांना त्या पानानंतरचं काही ठाऊक नव्हतं! सगळा जन्म धारच्या कचेरीत गेला, मुलं झाली, आणि तारी त्या गुहेतच उभी राहिली होती. मला इतकं वाईट वाटलं आणि त्याच वेळी इतकी उकळी फुटली, कारण पुढचं काय आहे ते मला माहीत होतं आणि त्यांना आत्ता कळणार होतं. मी बसलेल्या आवाजात, म्हणजे जवळजवळ ओठांनीच म्हटलं, "उलटा ना, काका." त्यांनी पान उलटलं.

तारीनं करवतीशी लढाई केली नाही. ती तिच्याशेजारी बसली आणि तिला विचारलं, तुझा आवाज कोणत्या कवडीत आहे? ते सगळं नानाकाकांनी पहिल्यांदाच वाचलं, आमच्यासमोर, अडखळत, घाईघाईनं, मधेच "अरे!" म्हणत. बयोआत्या मान हलवत होती. एकीनंही वात वळली नाही.

शेवटचं प्रकरण नवमीसाठी राखून ठेवलं होतं. त्या दिवशी चौरंगाभोवती रांगोळी, पुरणाचा नैवेद्य, आणि बायका पडवीपर्यंत दाटलेल्या. माझा घसा जरा सुटला होता, पण वाचलं काकांनीच. मला मागायचा धीर झाला नाही आणि त्यांना सोडवलं नाही. तारी विहिरीतून वर आली, भावानं तिला हाक मारली, आणि पुस्तक संपलं. आरती झाली. सगळ्यांनी पुस्तकाला नमस्कार केला, गोदूताईनंसुद्धा, न हसता. मग सगळ्यांच्या नजरा दाराकडे गेल्या, कारण ट्रंक तिथे उघडी होती आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं. नानाकाकांची पिशवी भरलेली, इंदूरहून धारची गाडी गाठायची तर आता निघायलाच हवं होतं. मी कवडीबेट उचललं. डाळिंबी कव्हर नीट केलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण नाकानं ऐकलं नाही. दोन्ही हातांनी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं.

ते घेईनात. माझ्याकडे बघून कपाळाला आठी घालत म्हणाले, "काय गे, इतक्या पोथ्या वाचल्यास, एवढं कोणी शिकवलं नाही तुला? समाप्तीला पोथी अशी मिटून ठेवत नाहीत. शेवट झाला की लगेच पहिल्या अध्यायाच्या चार ओळी वाचायच्या, म्हणजे वाचन संपत नाही, पुन्हा लागतं."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आई पुढे आली. "पण भाऊजी, पुन्हा लागलं म्हणजे... मग ते न्यायचं कसं?"

"लावलेली पोथी अर्धी उचलत नाहीत वहिनी," नानाकाका म्हणाले. "तुम्हाला माहीत नाही का?"

बयोआत्या एवढ्या जोरात हसली की तिला ठसका लागला. मी वेड्यासारखी कधी त्यांच्याकडे, कधी पुस्तकाकडे बघत होते. दादा दारातून म्हणाले, "नाना, गाडी जाईल." नानाकाकांनी पिशवी खाली ठेवली, ट्रंकेचं झाकण पायानं बंद केलं आणि त्याच झाकणावर बसले.

"संध्याकाळीही एक आहे," ते म्हणाले. "आवाज आला ना पोरीचा? मग वाच. आणि चारच ओळींवर थांबलीस तर बघ."